पास झालंच पाहिजे

आमच्या खोलीला दिवसभर दोन वास असायचे. सकाळी भाजलेल्या सुक्या बांगड्यांचा आणि संध्याकाळी वाटलेल्या खोबऱ्याचा. लालबागच्या चाळीत तळमजल्यावर आमची ती लांबट खोली. पुढच्या बाजूला आयेची खानावळ आणि मागे, पडद्यापलीकडे, आमचा संसार. गावी बायकापोरं ठेवून आलेले कोकणातले गिरणीकामगार आयेकडे जेवत. ताट पुढे आल्यावर कोणी बोलत नसे. भात कालवल्याचा, कढी ओरपल्याचा आणि तांब्या जमिनीवर टेकवल्याचा तेवढा आवाज. बाकीचा आवाज रस्त्याचा आणि भोंग्याचा. आज त्या भागात काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि भोंगा कसा वाजायचा ते नातवाला तोंडानं वाजवून दाखवावं लागतं. तो हसतो. त्याला वाटतं मी वाढवून सांगतोय. वाढवून नाही, उलट कमीच करून सांगतो, कारण तेवढा दम आता छातीत राहिलेला नाही.

बाबा गिरणीत मागावर कामाला होते. मागांच्या गोंगाटात आयुष्य गेल्यामुळे घरीही मोठ्यानं बोलायचे, आणि माझ्याविषयी तर चाळीला ऐकू जाईल असंच. "आमचो दत्तू इंजिनियर होतलो," हे वाक्य त्यांनी खात्यात इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांच्यावरचा मुकादम, जॉबर, तोही मला रस्त्यात पाहिलं की "काय इंजिनियर" म्हणायचा. इंटर सायन्सला चांगले मार्क पडले, इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला, चाळीत पेढे वाटले गेले. कॉलेजात नेमकं काय करायचं असतं ते मात्र त्या पेढे खाणाऱ्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. विचारायचं कुणाला? आमच्या चाळीत सर्वांत जास्त शिकलेला माणूस पोस्टात होता आणि त्यानं मला पेनात शाई भरून जायचा सल्ला दिला.

कॉलेजात माझ्यासारखी पोरं होती, पण ती एकमेकांना ओळख दाखवत नसत. शिवाजी पार्कच्या बंगल्यांतली, गिरगावातल्या वकील-डॉक्टरांच्या घरातली पोरं घोळक्यानं हिंडत. त्यांचे काका, मोठे भाऊ इंजिनियर. जुन्या ड्रॉइंग शीट त्यांच्या घरी गुंडाळून ठेवलेल्या असत. आम्ही मात्र भिंतीच्या कडेकडेनं चालायचो. छापलेलं इंग्रजी मला कळायचं, बोललेलं कानावरून निघून जायचं. त्यात ड्रॉइंग शिकवायला विजयकर सर. जुन्या मुंबईकर घराण्यातला गोरापान, उंच माणूस, पांढराशुभ्र कोट, बोलणं फक्त इंग्रजीत आणि तेही खिडकीबाहेर बघत. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते, हे कागदावर काढायचं, एवढाच खरं तर तो विषय. पण माझ्या शीटवरची प्रत्येक आकृती लाल पेन्सिलीनं कापली जायची. एकदा त्यांनी माझी शीट वर उचलून वर्गाला दाखवली आणि भरभर काहीतरी बोलले. वर्ग हसला. मला त्यातला एकच शब्द कळला, फादर. बाकीचं वाक्य शेजारच्यानं नंतर सांगितलं. वडील गिरणीत आहेत ना, मग तू तिथेच का जात नाहीस, असं सर म्हणाले होते.

त्या दुपारी मी ड्रॉइंग हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर बसून मनाशी ठरवत होतो की बाबांना सांगायचं, मला गिरणीत बदली कामगार म्हणून लावा. तिथे हिराजी भेटला. हिराजी तांडेल, शीव कोळीवाड्यातला, माझ्याहून बराच पुढे, शेवटच्या वर्षाला. काळा, रुंद खांद्यांचा, हातावर होडीचं गोंदण. त्याची आई दादरच्या बाजारात मासळी विकायची आणि ते तो लपवत नसे. त्यानं माझी शीट न विचारता ओढून घेतली, बघितली आणि विचारलं, कुठला तू? मी लालबाग म्हणालो. वडील? मी शीट परत ओढायला लागलो. "गिरणीत ना? मग सांग की सरळ," तो म्हणाला आणि शेजारी बसला. तो स्वतः पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये नापास झाला होता. त्यानं माझी समजूत घातली नाही, की धीर धर म्हणाला नाही. एवढंच बोलला, "मी एकटा एकटा नापास होऊन शिकलो रे. त्यात एक वर्ष गेलं. तुझं कशाला जायला पाहिजे?"

जागा कुठे, हा प्रश्न होता. कॉलेजच्या वाचनालयात बोलायची बंदी, हिराजीच्या घरात जाळी आणि माणसं, पाय ठेवायला जागा नाही. मी घाबरत घाबरत म्हणालो की संध्याकाळी, रात्रीची पंगत बसेपर्यंत, आमची खानावळ रिकामी असते. घरी आयेला विचारलं. ती पाट्यावर खोबरं वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "जेवूक येवंदेत नायतर शिकूक येवंदेत. पण पंगत बसायच्या आदी माझी जमीन माका मोकळी होयी."

असा तो वर्ग सुरू झाला. आधी हिराजी आणि मी, मग नायगावचा यशवंत कांबळे, मग आणखी चारसहा जण, सगळे पहिल्या वर्षाचे, सगळ्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच माणूस. जेवायचे पाट उलटे मांडून त्यांवर ड्रॉइंग बोर्ड ठेवायचे. पडद्यामागे बहिणींचा अभ्यास, कोपऱ्यात आयेचा पाटा, बाहेर रस्त्यावर फेरीवाले. हिराजीची शिकवायची रीत अशी की इंग्रजी शब्द आधी यायचाच नाही. पहिल्याच आठवड्यात कुणालाच सेक्शन म्हणजे काय ते उमजेना, तेव्हा तो उठला आणि आये विळीवर सुरमई कापत होती तिथे जाऊन उकिडवा बसला. "काकी, एक तुकडी सरळ कापा, एक तिरकी," म्हणाला. सरळ कापलेली तुकडी गोलसर, तिरकी कापलेली लांबट, मधला काटाही तसाच, एकीत गोल आणि दुसरीत लांबट. दोन्ही तुकड्या त्यानं आमच्या पुढ्यात ठेवल्या. मासा तोच, पातं कसं गेलं त्यावर आकार ठरतो, आणि पातं जिथून गेलं तिथे आपण बारीक तिरक्या रेघा मारतो, झालं सेक्शन. आम्ही वाकून वाकून बघत राहिलो. शेवटी आयेनं तुकड्या परत मागून घेतल्या, कारण रात्री त्यांचंच कालवण व्हायचं होतं.

आज याला मेंटॉरिंग म्हणतात, असं नातू सांगतो. त्याच्या कंपनीत त्यासाठी वेगळी खोली आहे, कॉफीचं यंत्र आहे. असो. आमच्यात हिराजीनं एकच नियम घातला होता. आज ज्याला कळलं, त्यानं उद्या दुसऱ्याला सांगायचं, नाहीतर त्याला कळलेलं नाही असं धरायचं. यशवंतची अक्षरं सुरेख, हात स्थिर, म्हणून रेषांची जाडी तो शिकवायचा. खानावळीत जेवणाऱ्या एकानं त्याच्या आडनावावरून कुरकुर केली, हा आमच्या पाटावर बसतो म्हणून. आयेनं त्या माणसाचं ताट वाढलं, त्याला पोटभर जेवू दिलं, आणि तो हात धुऊन आल्यावर सांगितलं, "फाल्यां सकाळपासून तू दुसरी खानावळ बघ." तो माणूस दोनतीन दिवस आला नाही. मग आला, गपचूप जेवला आणि पाटाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं वरून ठरत होतं आणि आमच्या वस्तीत प्रत्येक भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं, झालाच पाहिजे. सकाळी प्रभातफेऱ्या, संध्याकाळी सभा, मध्येच हरताळ, मध्येच कर्फ्यू. बाबा मोर्चातून घरी आले की पाठीवर लाठीचा वळ असायचा आणि आये त्यावर हळद लावता लावता त्यांच्यापेक्षा जास्त शिव्या देत असायची, त्यांना नव्हे, सरकारला. अश्रुधुरावर नाकाशी कांदा धरतात, म्हणून बायका मोर्चाला निघताना आयेच्या टोपलीतले कांदे उचलून न्यायच्या. आधीच्या गोळीबारात आमच्याच गल्लीतली दोन घरं सुतकात गेली होती. अशा दिवसांत आम्ही पाटावर बोर्ड ठेवून शंकू आणि वृत्तचिती काढत होतो याची कधी कधी आम्हालाच लाज वाटायची. यशवंत एकदा तसं बोललाही. त्यावर हिराजी म्हणाला की मोर्चाला जायचं असेल तर जरूर जा, मीही येतो, पण उद्या मुंबई मिळाली तर तिचे पूल, तिची बंदरं बांधायला पुन्हा दुसऱ्याच घरातली पोरं येणार का, तेवढं सांग. यशवंत उठला. त्यानं खानावळीच्या दाराशी, जिथे आये रोजचं जेवण खडूनं लिहायची, त्या फळीवर गेरूनं मोठ्या झोकात लिहिलं, 'पास झालंच पाहिजे'. भिंतीवरच्या घोषणेसारखंच वळण, तशीच खाली जाड रेघ. रात्री पंगतीला आलेले कामगार वाचून हसले आणि एकानं तर मूठ वर करून घोषणाही दिली.

ती फळी आम्हाला भोवली. कुणी पाहिली, कॉलेजात कुणी सांगितली ते अखेरपर्यंत कळलं नाही. विजयकर सरांकडे विद्यार्थ्यांच्या शिस्तीचं काम होतं. त्यांनी हिराजीला बोलावून घेतलं. गिरणगावात जमावबंदी असताना तू कॉलेजच्या मुलांच्या बैठका भरवतोस, अभ्यासाच्या नावाखाली चळवळ चालवतोस, असा आरोप. एका कागदावर सही करायची होती. झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर आहे, यापुढे अशा बैठका भरवणार नाही. सही केली नाही तर टर्म मिळणार नाही, म्हणजे शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही.

हिराजीनं हे आम्हाला सांगितलं ते भरती-ओहोटीची वेळ सांगावी तसं. आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो. सही कर, एक कागद तर आहे, आमचं आम्ही बघू. त्याची म्हातारी आई टोपली डोक्यावर घेऊन कशी वणवण फिरते ते आम्ही पाहिलं होतं. सगळा कोळीवाडा त्याच्या निकालाकडे डोळे लावून बसला होता. तो ऐकून घेत राहिला. बाबा जेवून पडद्याजवळ टेकले होते. ते म्हणाले, आमच्या खात्यात संपानंतर काहींनी असंच लिहून दिलं, कामावर राहिले, पण पुढे कुठलीच गोष्ट त्यांना ठासून मागता आली नाही. हिराजीनं मान हलवली. "काका, मी शिकवत होतो. त्याची दिलगिरी कशी लिहू? वाईट केलंय असं आधी मला वाटायला तरी पाहिजे."

तो गेल्यावर आम्ही तसेच बसून होतो. मला राग येत होता, आणि त्या वयात राग आला की मला रडू यायचं, पण त्या दिवशी ते आलं नाही. मी म्हणालो, लालबागला वर्ग भरला की त्याला बैठक म्हणतात. मग कॉलेजातच भरवू, भर दुपारी, सरांच्या दारासमोर. बघू दे त्यांना आम्ही काय करतो ते. दुसऱ्या दिवशी हिराजीला सांगितलं. तो म्हणाला, मी शिकवायला बसलो तर तांडेलनं पोरं जमवली म्हणतील. शिकवणार कोण? मी म्हणालो, "मी शिकवीन." तोवर मी फक्त आमच्या पाटांवर, आयेच्या पाट्याच्या आवाजात बोललो होतो.

मधल्या सुट्टीत ड्रॉइंग हॉलसमोरच्या फरसबंदीवर आम्ही बसलो. मांडीवर बोर्ड, मध्ये मी, हातात बाबांनी आणलेली गिरणीतली सूत गुंडाळायची एक मोडकी बॉबिन. लाकडाची, एका टोकाला निमुळती, आरपार भोक असलेली. तीच काढायची होती, समोरून आणि वरून. मी खडूनं फरशीवर आखायला लागलो. हिराजी शेवटी, एखाद्या नव्या पोरासारखा मांडी घालून बसला होता. आधी बंगल्यांतल्या पोरांनी टाळ्या पिटल्या, कुणी शिट्टी वाजवली. मग त्यांच्यातले दोघेतिघे जवळ येऊन उभे राहिले, आणि एकजण हळूच खाली बसला. त्यालाही बॉबिन येत नव्हती, हे नंतर कळलं.

विजयकर सर दारात आले. शिट्ट्या थांबल्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे काय चाललंय. मी उभा राहिलो. बोललो मराठीतच.

"सर, वर्ग चालू आहे."

परवानगी कुणाची, असं त्यांनी इंग्रजीतच विचारलं. मी म्हणालो, ड्रॉइंग शिकायची परवानगी आम्हाला प्रवेश देताना कॉलेजनंच दिली आहे. कुणीतरी खुदकन हसलं. सर पायऱ्या उतरून आले, फरशीवरच्या आकृतीकडे त्यांनी बोट केलं आणि ही वस्तू समजावून सांग, इंग्रजीत, असं म्हणाले.

"सर, इंग्रजीत मी परीक्षेत लिहीन," मी म्हणालो. "इथं बसलेत त्यांना समजायला पाहिजे."

आणि मी सांगायला लागलो. तोंड फिरवून, पोरांकडे बघून, बॉबिन हातात धरून, हे टोक निमुळतं का, वरून बघितलं तर वर्तुळं एकात एक का दिसतात, सगळं, माझ्या मालवणी हेलात. सर मध्ये बोलले नाहीत. मी संपवलं तेव्हा ते खाली वाकले. त्या पांढऱ्या कोटाला खडू लागेल अशी मला उगाच काळजी वाटली. त्यांनी माझ्या आकृतीतल्या एका रेघेवर बोट ठेवलं आणि मराठीत विचारलं. इतकं स्वच्छ, जुन्या गिरगावातलं मराठी मी त्यांच्या तोंडून त्या दिवसापर्यंत ऐकलं नव्हतं.

"हे आतलं भोक बाजूनं दिसतं का?"

"नाही, सर."

"मग ही रेघ तुटक हवी. तू सलग काढलीस."

खरंच चुकली होती. मी खाली बसून ती पुसत होतो तेवढ्यात मागून यशवंतचा आवाज आला, अगदी शांत.

"म्हणजे दिसत नसली तरी काढायची, सर?"

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग सगळ्यात मागे बसलेल्या हिराजीकडे. "काढायचीच," ते म्हणाले, आणि हात झटकून आत गेले. मी रेघ तुटक केली आणि पुढची आकृती घेतली. घंटा होईपर्यंत आम्ही उठलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, तिसऱ्या दिवशीही. आम्हाला कुणी उठवलं नाही.

हिराजीला टर्म मिळाली. त्या कागदाचं पुढे कुणी नावच काढलं नाही. तो परीक्षेला बसला आणि चांगल्या वर्गात पास झाला, पण सर दरवर्षी चांगल्या मुलांना ज्या मोठ्या कारखान्यांत चिठ्ठी देऊन पाठवत, तिथे त्याला पाठवलं गेलं नाही. त्यानं ती मागितली नाही. बंदरावरच्या एका लहान वर्कशॉपात लागला, तिथून वर चढत गेला, आणि म्हातारपणी मला म्हणायचा की चिठ्ठीवर गेलो असतो तर चिठ्ठीएवढाच राहिलो असतो. मला ते पटत नाही. ती चिठ्ठी त्याच्या हक्काची होती आणि ती न देणं हा अन्याय होता, असंच मी आजही म्हणतो, सर वारले असले तरी. त्यांनी कधी चूक कबूल केली नाही. मीही गोड बोललो नाही. मी आणि यशवंत, दोघेही ड्रॉइंगमध्ये सुटलो.

मुंबई महाराष्ट्राला मिळाली तेव्हा लालबागमध्ये घरोघर कंदील लागले आणि आयेनं पंगतीला शिरा केला. ते सुट्टीचे दिवस होते. कॉलेज उघडलं तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो, आणि हिराजी गेल्यापासून खानावळीतला वर्ग माझ्याकडे होता. एका दुपारी पहिल्या वर्षाचा एक बुजरा पोरगा, परळचा, मला शोधत आला. हातात शीट, तोंड उतरलेलं. म्हणाला, विजयकर सरांनी सांगितलंय, तुला वर्गात कळत नाही, तू लालबागला सावंताकडे जा. सावंत म्हणजे मीच.

मला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच चीड आली. मी त्याला तसाच बरोबर घेऊन सरांच्या खोलीत गेलो. सर खिडकीबाहेर बघत होते. मी मराठीतच म्हणालो की सर, मुलं पाठवता ते ठीक, पण लालबागला का? यांनी फी इथे भरली आहे. ड्रॉइंग हॉल संध्याकाळी रिकामा असतो, तिथे टेबलं आहेत, उजेड आहे. आमच्या खानावळीत पंगत बसायच्या आधी आम्हाला उठावं लागतं, इथे कुणाला उठायची गरज नाही.

सर खिडकीकडून वळले. मग त्यांनी खण उघडला आणि हॉलची किल्ली टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. मी ती उचलली. आभार मानले नाहीत. कॉलेज आमचंही होतं. बाहेर येऊन मी त्या परळच्या पोराला विचारलं, तुझ्याबरोबर आणखी कोण अडलंय? तो म्हणाला, बरेच आहेत, पण कुणी बोलत नाही. मी म्हणालो, जा, सगळ्यांना घेऊन ये. तो धावत गेला. त्या संध्याकाळी त्या मोठ्या हॉलमध्ये मालवणी, आगरी, घाटी, सगळे हेल एकदम बोलत होते, इतक्या मोठ्यानं की शिपाई दोनदा दारात येऊन बघून गेला.